हिटलरच्या नावाची पंगत

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एक उपाहारगृह उघडले. त्याचे नाव होते 'हिटलर्स क्रॉस'. दारात हिटलरचे मोठे चित्र होते, आतली रंगसंगती लाल-काळ्या-पांढऱ्याची होती आणि जोडीला नाझी चिन्ह होते. खाणे मात्र जर्मन नव्हते. आपल्याकडे ज्याला ढोबळपणे 'कॉन्टिनेन्टल' म्हणतात, तसलेच सर्वत्र मिळणारे पदार्थ तेथे मिळत. म्हणजे जर्मनी होती ती भिंतीवर, पानात नव्हती. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला, इस्रायलच्या वकिलातीने आक्षेप घेतला, देशोदेशीच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या आणि महिना संपण्याच्या आत मालकांनी नाव बदलले. 'हिटलर' गेला, 'क्रॉस' तेवढा उरला. नाव वेगळे हवे होते, लोकांच्या लक्षात राहील असे हवे होते, हिटलरचा पुरस्कार करण्याचा हेतू नव्हता, असा मालकपक्षाचा खुलासा होता.

या घटनेला आता दोन दशके होत आली. पाटी उतरली आणि विषय संपला, असे आपण मानले. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की पाटी उतरली, पण विषय संपलेला नाही. आणि तो संपवण्याची जबाबदारी उपाहारगृहाच्या मालकावर नाही. ती भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्या तुमच्या-आमच्यावर आहे. आजही महाविद्यालयाच्या प्राध्यापककक्षात हा विषय काढून पाहावा. 'अहो, नावात काय आहे?', 'तो धंदा आहे, त्यात तत्त्वज्ञान कशाला?', 'युरोपातले भांडण, आपला काय संबंध?', 'उद्या तुम्ही सगळ्याच नावांवर बंदी घालाल' आणि शेवटी, जरा अभ्यासू सहकारी असेल तर, 'मग चर्चिलचे काय?' ही पाच उत्तरे हमखास मिळतात. ती देणारी माणसे दुष्ट नाहीत. चांगली, वाचणारी माणसे आहेत. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे.

प्रथम 'थीम' या शब्दाकडे पाहू. समीक्षेच्या तासाला आपण या शब्दाला 'आशयसूत्र' म्हणतो. कादंबरीचे आशयसूत्र म्हणजे तिचे मुखपृष्ठ नव्हे, तिच्यात येणारी वर्णनेही नव्हेत. पात्रे, प्रसंग, निवेदन, भाषा या सर्वांना आतून धरून ठेवणारा अर्थ म्हणजे आशयसूत्र, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, आणि जो विद्यार्थी वातावरणालाच आशयसूत्र समजतो त्याचे गुण कापतो. उपाहारगृहवाले 'थीम' म्हणतात तेव्हा त्यांना नेमके हे वातावरणच अभिप्रेत असते. भिंतीवरची चित्रे, वाढप्यांचे पोशाख, संगीत आणि पदार्थांची नावे यांपलीकडे त्यांची थीम जात नाही. तसे असायला हरकत नाही. प्रत्येक उपाहारगृहाने कादंबरी व्हावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण एकदा हिटलर हे आशयसूत्र म्हणून घेतले, तर समीक्षकाचा प्रश्न विचारावाच लागेल. या आशयसूत्राला प्रामाणिक राहून पानात काय वाढता येईल?

याचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. हिटलरच्या राजवटीत अन्न हे शस्त्र होते. १९४१ साली सोव्हिएत भूमीवर आक्रमण करताना नाझी नियोजनकारांनी तेथील धान्य जर्मन सैन्याला आणि जर्मन नागरिकांना पुरवण्याचा आणि त्यापायी स्थानिक लोकांना कोट्यवधींच्या संख्येने उपाशी मरू देण्याचा आराखडा कागदावर तयार केला होता. लेनिनग्राडचा वेढा ८७२ दिवस चालला. १९४१ च्या हिवाळ्यात त्या शहरातील बायका-मुले-वृद्धांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता आणि त्यातही भेसळीचा भरणा मोठा होता. आपल्या एका ज्वारीच्या भाकरीएवढे ते वजन. वॉर्सा शहरातील ज्यूंच्या कोंडवाड्यात त्याच वर्षी माणशी अधिकृत शिधा दिवसाला दोनशे उष्मांकांच्याही खाली होता. तेथील ज्यू वैद्यांनी स्वतः उपाशी राहून भुकेने शरीर कसे झिजते याच्या शास्त्रीय नोंदी ठेवल्या. त्यांतले बहुतेक वैद्य पुढे मारले गेले, नोंदी मात्र वाचल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झाल्या. त्याच कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोजनिशा, कविता, शाळकरी मुलांचे निबंध, शिध्याची कुपने असे सारे गोळा केले आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत भरून जमिनीत पुरले. दोन साठे युद्धानंतर, १९४६ आणि १९५० साली, उकरून काढण्यात आले. दूध ठेवण्याच्या भांड्यात साहित्य ठेवावे लागले, कारण दूध नव्हतेच.

आणखी एक पुस्तक आहे, ज्याची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना करून द्यायला हवी. तेरेझिनच्या छळछावणीत मीना पेख्टर नावाच्या वृद्ध स्त्रीने आणि तिच्या सोबतिणींनी उपासमारीत आठवून आठवून पाककृती लिहून काढल्या. घरच्या केकच्या, भरलेल्या अंड्यांच्या, सणासुदीच्या पक्वान्नांच्या. काही कृतींत एखादा जिन्नस राहून गेला आहे, काहींत प्रमाण चुकले आहे, कारण लिहिणारीची शुद्ध हरपत चालली होती. १९४४ साली मीना छावणीतच मरण पावली. ते बाड हातोहाती फिरत पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, न्यूयॉर्कला तिच्या मुलीकडे पोहोचले आणि १९९६ मध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक झाले. ज्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता त्या बायकांनी लिहिलेले हे पाकशास्त्र आणि खारघरचे ते खाद्यपदार्थांचे पत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. हिटलर या आशयसूत्राशी इमान राखणारे लेखन कोणते, हे वेगळे सांगावे लागणार नाही. 'नावात काय आहे' या प्रश्नाला एवढे उत्तर पुरेसे व्हावे. ज्याने भूक हे राज्य करण्याचे साधन केले, त्याचे नाव अन्नछत्राला देणे ही अभिरुचीची किरकोळ चूक नाही. शब्दाचा अर्थ मुळातून उलटा करण्याचा तो प्रकार आहे.

आता 'आपला काय संबंध' या युक्तिवादाकडे वळू. हा युक्तिवाद करणाऱ्यांना भूगोल तरी ठाऊक असावा. खारघर पनवेल तालुक्यात येते, आणि पनवेल शहरात ज्यूंचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर १८४९ सालापासून उभे आहे. म्हणजे हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले तेव्हा त्याच तालुक्यातल्या त्या प्रार्थनामंदिराला दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती. अलिबागला इस्रायल आळी आहे. मुंबईचे मशीद बंदर हे स्थानकाचे नाव बेने इस्रायलांच्या १७९६ सालच्या जुन्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगितले जाते, कारण हा समाज आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद'च म्हणत असे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. कोकणात त्यांनी तेलघाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमकर, रोहेकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे. 'बूट पॉलिश'मधले डेव्हिड हे अब्राहम चेऊलकरच होते. हे लोक 'युरोपातले' कसे?

मुख्य म्हणजे त्यांची भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने झाली. त्यांच्या सणांची जुनी नावे भाषेच्या अभ्यासकाने तोंडपाठ करावीत अशी आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारे लावून उपास करण्याचा तो दरफाळणीचा सण आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा तो बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विध्वंसाचे दुःख या माणसांनी कोकणातल्या वालाच्या बिरड्यात ठेवले. इंग्रजीत लिहिणारे निसीम इझिकेल याच समाजातले, आणि इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा वाटा आहे, हे एम.ए.च्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, तो काही पाहुण्यांना दिलेला नाही.

या समाजाकडे जेवणाचे एक खरे आशयसूत्रही आहे, आणि ते मराठीत छापलेले आहे. वल्हांडणाच्या रात्री कुटुंब एकत्र बसून जेवते आणि जेवता जेवता 'हगादा' नावाचा ग्रंथ वाचते. इजिप्तमधील गुलामगिरीतून पूर्वज कसे सुटले, याची ती कथा. बिनखमिराची भाकरी असते, कारण पळताना पीठ आंबवायला सवड नव्हती. कडू पाला असतो, कारण गुलामी कडू होती. मिठाचे पाणी असते, कारण अश्रू खारट असतात. घरातले सर्वांत लहान मूल विचारते की ही रात्र इतर रात्रींहून निराळी का, आणि मग प्रत्येक जिनसाचा अर्थ त्याला सांगितला जातो. या ग्रंथाची मराठी भाषांतरासह प्रत १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली आणि १८७४ साली पुण्यात सचित्र आवृत्ती निघाली. तिच्यातल्या चित्रांत भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पोशाखात आहेत. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाविषयी आपण प्रश्नपत्रिकेत हमखास प्रश्न विचारतो. हगादा मात्र आपल्या टिपणांत नसतो.

येथे दोन पंक्ती समोरासमोर येतात. एकीत प्रत्येक घासाला अर्थ आहे आणि मुलाने विचारले तर तो सांगता येतो. दुसरीत भिंतीवर एक चेहरा आहे आणि मुलाने 'हे कोण?' असे विचारले, तर सांगण्यासारखे काही नाही. सांगितलेच, तर जेवण होणार नाही. ज्या थीमचा अर्थ सांगितल्याबरोबर गिऱ्हाईक पानावरून उठेल, ती थीम अर्थ लपवूनच चालवावी लागते. म्हणून 'तो धंदा आहे, त्यात तत्त्वज्ञान कशाला' हे म्हणणे खरे नाही. त्या धंद्यालाही एक तत्त्वज्ञान लागतेच: समोरच्या माणसाला इतिहास माहीत नसावा, आणि असला तर त्याने तो चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावा.

संबंध विदर्भाशीही आहे. २३ जुलै १९३९ रोजी गांधींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले, त्यावर पत्ता वर्ध्याचा आहे. पुढच्या वर्षी डिसेंबरात दुसरे, अधिक दीर्घ पत्र लिहिले. दोन्ही पत्रे सरकारने पुढे जाऊ दिली नाहीत. गांधींनी त्याला मित्र म्हणून संबोधले, हे वाक्य आपल्याकडे काही जण हिटलरच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरतात. पत्र वाचले असते तर कळले असते की मित्र म्हणून हाक मारून त्याच्या कृत्यांना अमानुष ठरवण्याचे धैर्य त्यात आहे. त्याआधी, नाझी सत्तेवर आल्यावर शिक्षिकेची नोकरी गमावलेली मार्गारेट श्पीगल ही जर्मन ज्यू तरुणी गांधींच्या आश्रमात आली होती. गांधींनी तिला 'अमला' असे नाव दिले. आकाशवाणीची जी सुरावट ऐकत आपल्या पिढीची सकाळ उजाडली, तिचे श्रेय ज्या वॉल्टर काउफमानना दिले जाते, तेही १९३४ साली प्रागहून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. म्हणजे हिटलरने ज्यांना घराबाहेर काढले त्यांना आपण पाट दिला होता. त्याच मुंबईच्या खाडीपलीकडे सत्तर वर्षांनी हिटलरलाच पाट मांडला गेला. हा उलटा प्रवास कसा झाला, हा माझा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला भाषेत दिसते. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण अर्थपरिवर्तन शिकवतो. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष हे त्याचे प्रकार. उदाहरणे वर्षानुवर्षे तीच असतात. 'हिटलर' या शब्दाचे मराठीत काय झाले आहे, ते मात्र आपण तपासत नाही. कडक मुख्याध्यापक म्हणजे हिटलर. घरात शिस्त ठेवणारी आजी म्हणजे हिटलर. 'हिटलर दीदी' नावाची हिंदी मालिका २०११ पासून दोन वर्षे घरोघरी पाहिली गेली, आणि तिची नायिका कुटुंबासाठी झिजणारी मुलगी होती. साठ लाख ज्यूंच्या हत्येचे नाव हळूहळू 'थोडा तापट, पण मनाने चांगला' या अर्थाला येऊन पोहोचले. हा अर्थोत्कर्ष आहे, आणि मराठीत इतका निर्लज्ज अर्थोत्कर्ष दुसऱ्या कोणत्या शब्दाच्या वाट्याला आला असेल, असे मला वाटत नाही. 'देशाला एक हिटलरच हवा' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांत मी अनेकदा वाचले आहे. ते लिहिणाऱ्या मुलामुलींना कत्तल नको असते. त्यांना वेळेवर येणारी एसटी, न फुटणारी प्रश्नपत्रिका आणि पैसे न मागणारा कारकून हवा असतो. या साध्या, न्याय्य मागण्यांसाठी त्यांच्या हाती हाच शब्द लागावा, याचा अर्थ त्यांच्या भाषेला दुसरा शब्द आपण पुरवलेला नाही.

मराठीकडे शब्द नव्हता असेही नाही. वि. ग. कानिटकरांनी हिटलरच्या राजवटीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'. मराठी माणसाला पुराणातून ठाऊक असलेला भस्मासूर त्यांनी निवडला. वर मिळालेला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याला भस्म करणारा आणि शेवटी स्वतःच्याच हाताने जळणारा. एका शब्दात उदय, उन्माद आणि शेवट आला. हे पुस्तक पिढ्यान्पिढ्या वाचले गेले. तरी पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे आज हिटलरच्या आत्मचरित्राचे स्वस्त अनुवाद 'यशस्वी कसे व्हावे' छापाच्या पुस्तकांच्या ओळीत मांडलेले दिसतात. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशीही मराठीत आहे, पण ती त्या ओळीत नसते. पुस्तक छापू नये असे मी म्हणत नाही. जल्लादाचे लेखनही अभ्यासासाठी उपलब्ध असावे. पण ते कोणत्या पुस्तकांशेजारी ठेवले जाते, हीसुद्धा एक समीक्षाच असते, आणि ती समीक्षा सध्या आपण पुस्तकविक्रेत्यावर सोपवली आहे.

अध्यापकांना उद्देशून एक कटू गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात आणि जर्मनीतल्या अनेक विद्यापीठ-नगरांत पुस्तकांच्या होळ्या झाल्या. त्या पेटवणारे निरक्षर गुंड नव्हते. विद्यार्थी संघटनांनी पुढाकार घेतला होता आणि काही प्राध्यापकही तेथे हजर होते. साहित्य शिकणारे आणि शिकवणारेच साहित्य जाळत होते. त्या चौकात आज जमिनीखाली काचेतून दिसणारी रिकामी पुस्तकांची कपाटे हे स्मारक आहे. शिस्तीचे आकर्षण वर्गातून सुरू होते, हे ज्यांना वर्ग चालवायचा आहे त्यांनी विसरू नये.

'उद्या तुम्ही सगळ्याच नावांवर बंदी घालाल' या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. खारघरला बंदी घातली गेली नाही. लोकांनी निषेध केला, मालकांनी नाव बदलले. निषेध हेही अभिव्यक्तीचेच रूप आहे. पाटी लावणाऱ्याला स्वातंत्र्य आणि पाटी वाचणाऱ्याला मौन, अशी वाटणी कोणत्याही घटनेत नाही. जर्मनीत मात्र नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. म्हणजे 'जर्मन' म्हणून मांडलेली ती सजावट जर्मनीतच मांडता आली नसती. आपल्याकडे तसा कायदा करावा असे मला वाटत नाही. कायद्याने जे साधते त्याहून अधिक चांगल्या मराठी शिक्षणाने साधेल, अशी माझी श्रद्धा आहे.

राहिला चर्चिल. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, आणि त्यात लंडनच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयांचा वाटा होता. चर्चिलच्या नावाने चहाची दुकाने आणि मद्यालये जगभर आहेत, आणि त्याविषयी कोणाला फारसे काही वाटत नाही. पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? एकाच्या भुकेची थट्टा खपवून घेतली जाते म्हणून दुसऱ्याच्याही भुकेची व्हावी, हा? की दोन्हींकडे सारख्याच नजरेने पाहावे, हा? बंगालच्या मेलेल्यांविषयी ज्याला खरी कणव आहे, तो वॉर्साच्या मेलेल्यांवर पिझ्झा मागवणार नाही. चर्चिलचे नाव घेऊन हिटलरची पाटी वाचवणाऱ्याला त्या दोन्ही ठिकाणच्या मेलेल्यांशी काही देणेघेणे नसते, त्याला फक्त वाद जिंकायचा असतो.

हे सर्व आपल्याला दूरचे वाटत असेल, तर एक कसोटी घरातली घेऊ. राजापेठहून बडनेरा रस्त्याला लागावे. अमरावतीभोवतीच्या रस्त्यांवर आता 'अस्सल वऱ्हाडी' थीमची जेवणघरे दिसू लागली आहेत. भिंतीवर बंडीचे चाक, कोपऱ्यात वखर, छताला टांगलेली तिफन, बसायला बाज, आणि पानात रोडगे, वांग्याची भाजी, ठेचा. जेवण चांगले असते, मीही आवडीने जेवतो. पण ते चाक भिंतीवर आले कुठून? बैलजोडी विकल्यावर बंडी घरात ठेवून काय करायचे, म्हणून कोणीतरी ते मोडीत काढले, तेव्हा ते भिंतीवर आले. २००६ च्या जुलैच्या पहिल्या तारखेला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदतकार्य जाहीर केले होते, कारण या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या करत होते. खारघरची पाटी लागली ती त्याच पावसाळ्यात.

आता कल्पना करावी की सातासमुद्रापार कोणा कल्पक माणसाने 'विदर्भ' नावाचे थीम उपाहारगृह काढले. भिंतीवर दोर, टेबलावर कीटकनाशकाच्या डब्यासारख्या आकाराचे पाण्याचे जग, देयकावर 'सावकार' असा शिक्का. कोणी आक्षेप घेतला तर त्याने नम्रपणे सांगितले की हेतू वाईट नव्हता, नाव लक्षात राहील असे हवे होते. आपल्यापैकी कोण 'नावात काय आहे' म्हणेल? ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला 'तो धंदा आहे' असे सांगण्याची कोणाची छाती होईल? जे आपल्या मेलेल्यांना लागू आहे ते दुसऱ्यांच्या मेलेल्यांना लागू आहे. ज्या गाडगेबाबांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांच्या दशसूत्रीत पहिले सूत्र भुकेल्याला अन्न देण्याचे आहे. त्यात भुकेल्याची जात, धर्म किंवा देश विचारण्याची सोय ठेवलेली नाही.

मग जर्मनीकडून काही घ्यायचेच नाही का? अवश्य घ्यावे, आणि मराठीने ते घेतलेही आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्कातली 'जर्मन बेकरी' हे नाव भिंतीवरच्या चित्राने आलेले नव्हते, भट्टीतून निघणाऱ्या पावामुळे आले होते. १३ फेब्रुवारी २०१० च्या बॉम्बस्फोटात तेथे १७ माणसे मेली, आणि तरी पुढे ती भट्टी पुन्हा पेटली. द्वेषाने एका जेवणघराचे काय होऊ शकते, हे त्या पुणेकरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. साहित्यात पाहावे तर राईशस्टागला आग लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, देश सोडून गेलेला ब्रेख्त मराठी रंगभूमीवर घरच्यासारखा वावरला. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. आपल्या समीक्षेत पदोपदी येणारा काफ्का जर्मन भाषेत लिहीत होता. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. जर्मनीची थीम हवी असेल तर ही माणसे आहेत. त्यांना ज्याने देशोधडीला लावले, ज्याने जाळले, त्याचाच चेहरा जर्मनी म्हणून टांगणे हा जर्मनीचाही अपमान आहे.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी छोट्या आहेत, पण त्या आजपासून करता येतील. अर्थपरिवर्तन शिकवताना जुन्या उदाहरणांच्या जोडीला 'हिटलर' हा शब्द घ्यावा आणि विद्यार्थ्यांना घरीदारी तो कोणत्या अर्थाने वापरला जातो याची नोंद करायला सांगावे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहार शिकवताना मिशनऱ्यांच्या आणि पंडितांच्या पुस्तकांबरोबर १८४६ चा हगादा यावा. 'देशाला हिटलर हवा' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापून थांबू नये. त्याला नेमके काय हवे आहे ते विचारावे आणि त्यासाठीचा नेमका मराठी शब्द शोधायला लावावे. त्या शोधात तो कायदा, जबाबदारी, न्याय अशा शब्दांशी येऊन पोहोचेल. कोणताही हुकूमशहा यांपैकी एकही वाढत नाही.

या लेखाशी मतभेद असणारे वाचक असतील, असावेतच. त्यांनी जरूर लिहावे. फक्त 'नावात काय आहे' एवढ्यावर थांबू नये. नावे शिकवणे हाच आपला व्यवसाय आहे.